देवडीवर अडलेल्या खलित्याची बखर

॥ श्री ॥ जो सर्वांचे अंतरी बसून सर्व पाहतो आणि कोणापाशी चहाडी करीत नाही, त्या साक्षी परमेश्वरास नमस्कार असो. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसू नाम संवत्सरे, चैत्र शुद्ध दशमीस हे लिखित पुरे जाहले. इतर बखरी धन्याचे हुकमावरून लिहितात. ही हुकमावाचून लिहिली, किंबहुना हे लिहू नये ऐशी धन्याची ताकीद होती, ती मोडून लिहिली. लिहिणारा कोण, हे पुसू नये. पुसण्याजोगा तो राहिला नाही. जे घडले ते पदरचे न घालता सांगतो, आणि जेथे माझी चूक आहे तेथे माझी म्हणूनच सांगतो, कारण दुसऱ्याच्या माथी दोष मारण्याचे काम आम्ही पूर्वी पोटभर केले.

शके एकोणीसशे चव्वेचाळिसांत फोनचे पडद्यावर एक राज्य वसले. त्यास भूमी नाही, नदी नाही, तट-बुरूज नाही. वस्ती मात्र नऊ हजारांची. तेथील रयत दिवसा आपापले पोटाचे उद्योग करी, कोणी औषधाचे दुकानी, कोणी बँकेत, कोणी शिकवण्या घेई, आणि रिकामे वेळी राज्यात जमून जुने खून उकरी. जे खून सरकारी पोलिसांस उलगडले नाहीत ते आपण घरबसल्या उलगडू, ऐसा सर्वांचा पण होता. खरे नाव कोणी लावीत नसे. छत्र धरून बसले ते त्रिनेत्र महाराज. हे सद्गृहस्थ मुळात फरश्यांचे व्यापारी, आणि जे दोन नेत्र होते त्यांसही चष्मा होता. परंतु बोलण्यात जरब मोठी. त्यांचे उजवे हात नजरबाज सरदार, यांजकडे हेरांचे खाते. आणि प्रस्तुत लेखक, वजनकाट्यांचे कचेरीतला कारकून, वय अडतीस, यास महाराजांनी वाकनिशी बहाल केली. दरबारी जे बोलणे होईल त्याचा सारांश लिहून दरवाजावर लावणे, हे वाकनिसाचे काम. त्याखेरीज देवडीची चौकीही मजकडेच होती. राज्याचा कायदा ऐसा की नव्या माणसाने खलिता धाडिला तर तो एकदम दरबारात जाऊ नये, देवडीवर थांबावा, आणि पुराव्याचे एखादे चित्र सोबत जोडले असेल तरच चौकीदाराने आत सोडावा. कायदा मीच सुचविला होता, आणि सर्वांनी अंगठे वर करून वाखाणिला होता. त्या राज्यात अंगठा हेच नाणे, हीच शाबासकी. मला अंगठ्यांची चटक लागली होती, हे आधीच कबूल करून ठेवितो.

आता ज्या खुनापायी हे सारे झाले तो ऐसा. शके एकोणीसशे वीस, पौष मासी, नदीकाठचे एका कसब्यात शैलजा हुदलीकर म्हणून वाचनालयाची ग्रंथपाल होती. वय एकतीस, लग्न केले नव्हते, घरी विधवा आई. एके गुरुवारी सायंकाळी वाचनालय बंद करून ती निघाली आणि जिन्यातच कोणी तिचा गळा दाबून प्राण घेतला. अंगावरचे काही गेले नव्हते, कापडी पिशवी तशीच बाजूला पडली होती. पोलिसांनी कित्येकांस बोलाविले, कित्येकांस सोडिले, आणि सहा वर्षांनी कागद बासनात बांधून ठेविले. आमचे राज्यात हे प्रकरण आले तेव्हा सर्वांस फार आवडले. आवडले हाच शब्द खरा आहे, तो बदलीत नाही. कोणी म्हणे प्रेमप्रकरण असावे, कोणी म्हणे एकटी बाई कोणाकोणाशी बोलत असेल कोण जाणे, कोणी तिचा एकुलता एक फोटो मोठा करून तिचे डोळ्यांत भय दिसते काय हे पाही. बाई मेलेली, तिचे उत्तर येणार नाही, म्हणून प्रत्येकास धीर आला होता.

मग शके एकोणीसशे शेचाळीस, क्रोधी नाम संवत्सरे, आषाढ मासी नजरबाज सरदारांनी मोठा विजय संपादिला. त्यांचा कोणी नातलग त्या वाचनालयात गेला आणि कपाटातील जुन्या देवघेव वहीचे शेवटल्या पानाचा फोटो घेऊन आला. खुनाचे सायंकाळचेच पान. तारीख, सदस्य क्रमांक, पुस्तकाचा क्रमांक, सही, ऐसे चार रकाने. सर्वांच्या सह्या होत्या. शेवटली ओळ मात्र सदस्य क्रमांक चारशे बाराची, आणि तीत सहीची जागा कोरी. झाले! दरबारात एकच हलकल्लोळ उडाला. शेवटी आला तो हाच, सही न करता पळाला तो हाच, हात थरथरत असतील म्हणून सही केली नाही, ऐसे ज्यास जे सुचले ते त्याने लिहिले. वाचनालयाचे सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत सभासदांची यादी होती, तीवरून चारशे बारा म्हणजे मुकुंद ओतारी, पितळी समया आणि घंटांचे दुकानदार, वय आता चौसष्ट, हे निघाले. नऊ हजारांत एकानेही पुसले नाही की याच्या आधीचे पान कैसे आहे. आम्हांस एक पान मिळाले होते आणि एका पानात आमचे काम भागत होते.

पुढे नजरबाजांनी एक दुचाकीस्वार त्या गावी पाठविला. त्याने श्रावणातले पहिल्या गुरुवारी चार वाजता फोटो काढिला, त्यात मुकुंद ओतारी कापडी पिशवी घेऊन हुदलीकरांचे घरात शिरतो आहे. पुढील गुरुवारीही तोच माणूस, तेच दार, तीच वेळ. त्रिनेत्र महाराज गर्जले, "खुनी स्वतः मयताच्या आईला मुठीत ठेवून आहे. म्हातारी गप्प का, ते आज कळलं." त्यावर सोळाशे अंगठे उठले. मग मसलत होऊन मला आज्ञा झाली की सर्व पुरावे एकत्र करून महजर लिहा. महजर म्हणजे सर्वांचे साक्षीने केलेला निवाडा. मी कचेरीत जेवणाचे सुट्टीत डबा बाजूस सारून सलग तीन दिवस तो लिहिला. कलमे सतरा. पहिले कलम सहीचे, सतरावे गुरुवारचे. भाषा ऐशी बांधली की वाचणाऱ्याने पहिले कलम मान्य केले तर सतराव्यापर्यंत घसरत यावे, मध्ये धरावयास फांदी मिळू नये. मजला त्याचा अभिमान वाटला.

त्याच तीन दिवसांत, दुसरे दिवशी, देवडीवर एक खलिता आला. धाडणाराचे नाव 'स्वाद संगीता', नावापुढे थालीपिठाचे चित्र, वर लोण्याचा गोळा. पुराव्याचा कागद जोडलेला नाही. मजकुरास मध्ये कोठे टिंब नाही, विराम नाही. आरंभ 'नमस्कार मुलांनो' ऐसा. मी मनात म्हणालो, ही कोणी पाककृतीवाली बाई वाट चुकली आहे, आता उपवासाची खिचडी शिकवील. आणि पुढे न वाचता खलिता देवडीवर तसाच ठेविला. तिसरे दिवशी महजर दरवाजावर लागला. एकवीसशे अंगठे! राज्य वसल्यापासून इतके कोणास मिळाले नव्हते. मी घरी जाताना पेढे नेले आणि बायकोस सांगितले की कचेरीत शाबासकी मिळाली.

मग महजर राज्याबाहेर गेला. कागद जळत गेला तर राख तरी एके ठिकाणी पडते, हा गेला तेथे तेथे नवा उगवला. नकाशावर दुकानांस तारे देतात, तेथे मुकुंद ओताऱ्यांचे दुकानाखाली परमुलखातील लोकांनी एकेक तारा देऊन 'येथे खुनी बसतो' ऐसे लिहिले. ज्यांनी जन्मात समई विकत घेतली नाही त्यांनी लिहिले. पोलिसांनी त्यास दोनदा बोलाविले, जुने कागद पाहिले आणि दोन्ही वेळा चहा पाजून घरी पाठविले. परंतु आमचे स्वाराने फक्त पोलीस ठाण्यात शिरतानाचा फोटो काढिला. कोणी दुकानाचे फळीवर डांबराने अक्षरे लिहिली. देवळाची घंटा घडवावयास दिली होती ती पंचांनी काम अर्धे असता परत नेली. भाद्रपदात त्याची मुलगी आली आणि बापास आपले गावी घेऊन गेली. दरबारात बातमी आली की आरोपी फरार. तेव्हाही अंगठे उठले. त्यांत एक माझा होता.

पुढे रयतेचे मन या खुनावरून उडाले आणि दुसऱ्या एका मोठ्या शहरातला नवा खून चर्चेस आला. कार्तिकात महाराजांनी हुकूम केला की देवडीवर जुने खलिते तुंबले आहेत, सर्व पुसून टाकावे. दोनशे चौदा होते. एका खुणेने सर्व पुसले गेले असते. परंतु कारकुनाची खोड, कागद फाडण्यापूर्वी एकवार डोळ्यांखालून घालावा. त्यात ते थालीपीठ पुन्हा दिसले. खलिता आहे तैसा उतरून देतो:

"नमस्कार मुलांनो मी शैलजाची आई गोदावरी बोलते आहे मला काचबिंदूने दिसत नाही म्हणून शेजारच्या संगीताच्या फोनवर बोलते आहे तो आपोआप लिहितो म्हणे तुम्ही इतकी माणसं माझ्या मुलीची आठवण काढता मला फार बरं वाटलं पण मुकुंदाचं नाव घेऊ नका ती शेवटची ओळ घरपोच पुस्तकाची आहे गावात जे आजारी असत त्यांची पुस्तकं ती गुरुवारी वाचनालय बंद करताना शेवटी लिहायची आणि घरी येताना स्वतः नेऊन द्यायची वही सोबत नेऊन सही त्यांच्या घरी घ्यायची मुकुंद तेव्हा कौलं चाळताना पडला होता कमरेपासून प्लास्टर होतं त्याला ते पुस्तक मिळालंच नाही ते माझ्यापाशी आहे गावात कुणालाही विचारा तिच्यामागे तोच मला दर गुरुवारी पुस्तक वाचून दाखवतो एवढं त्यांना कळवा जे मोठे असतील त्यांना जेवलात का सगळे"

वाचून मी बराच वेळ वजनकाट्याचे कचेरीत बसून राहिलो. समोर काटे मांडले होते, सर्व शून्यावर. खलित्याची तारीख पाहिली. महजर लागण्याच्या एक दिवस आधीची. म्हणजे ती बाई वेळेत आली होती, दारापर्यंत आली होती, आणि दारावर मी होतो.

तत्काळ महाराजांस वर्दी दिली की महजर मागे घ्यावा आणि हा खलिता सर्वांस वाचावयास द्यावा. महाराज म्हणाले, "आत्ता? आता ती केस कोण वाचतंय? उगाच आपलीच अब्रू आपण का घालवायची?" मी म्हणालो, "माणूस गाव सोडून गेलाय, महाराज." ते म्हणाले, "मग झालं की! तो गेला, विषय गेला. आणि ही खरंच तिची आई कशावरून? पुरावा कुठं जोडलाय?" हे माझेच वाक्य माझ्याच तोंडावर आले. मग मी आज्ञा मोडून स्वतः महजर काढिला आणि त्या जागी आईचा खलिता लाविला. त्यास अकरा अंगठे पडले. खाली एकाने लिहिले, "पुरावा?" दुसऱ्याने लिहिले, "थालीपिठाची रेसिपी टाका." आणि घटकेभरात महाराजांनी खलिता काढून मजला राज्याबाहेर घातले. महजराच्या नकला तोवर कोठे कोठे गेल्या होत्या, त्या माझ्या हाती नव्हत्या.

मार्गशीर्षात मी त्या कसब्यास गेलो. प्रथम वाचनालयात जाऊन ती वही पाहावयास मागितली आणि शेवटल्या पानावरून एक पान मागे उलटले. आधीचा गुरुवार: शेवटल्या दोन ओळी, क्रमांक सत्त्याऐंशी आणि दोनशे तीस. मूळची सहीची जागा कोरी सोडलेली, आणि मागाहून दुसऱ्या शाईने सह्या घातलेल्या. त्याआधीचे गुरुवारी चारशे बाराची ओळ, तीही तैशीच. आठ महिने मागे गेलो, सर्व गुरुवार तैसेच. नऊ हजार माणसांस जे पाच महिन्यांत दिसले नाही ते अंगठा ओला करून पान उलटताच दिसले. वही दाखविणारे गृहस्थ म्हणाले, "अहो, हे तर सगळ्या गावाला माहीत आहे. तुम्ही विचारलं असतंत तर फोनवरसुद्धा सांगितलं असतं." मी वही मिटून त्यांचे हाती दिली.

मग हुदलीकरांचे घरी गेलो. दार शेजारच्या संगीताबाईंनी उघडिले, हातास पीठ लागलेले. त्या माझे खिशाकडे पाहून म्हणाल्या, "फोटो काढायला आलात का? आधी फोन बाहेर कट्ट्यावर ठेवा, मग आत या." मी ठेविला. आत शैलजेची आई, जीस सारे माई म्हणतात, त्या खिडकीशी बसल्या होत्या, वय पंच्याऐंशी, सोवळे असावे तैसे स्वच्छ लुगडे. मी पायांस हात लावून म्हणालो, "माई, तुमचं पत्र माझ्याकडे आलं होतं. मी ते पुढं सोडलं नाही."

माईंनी मान माझे आवाजाकडे वळविली. मग म्हणाल्या, "वाचलं होतंत?"

"थोडंसं."

"कुठपर्यंत?"

"'नमस्कार मुलांनो'पर्यंत."

"म्हणजे बसा म्हणायच्या आधीच उठलात," माई म्हणाल्या. रागाने नव्हे, जैसे कोणी भाजीत मीठ कमी आहे म्हणून सांगावे तैसे. मग म्हणाल्या, "संगीताचा फोन वाचून दाखवायचा ना, मी सगळं ऐकायची. शैलूबद्दल काय काय बोलत होते. तेही ऐकलं. म्हटलं बोलू देत, सव्वीस वर्षं तिचं नाव कुणाच्या तोंडी नाही, निदान नाव तरी घेतात. लोभ सुटला बघा मला. मुकुंदा म्हणत होता, माई, बंद करा ते. मी केलं नाही. मग एक दिवस त्याचंच नाव आलं."

मी म्हणालो, "खरा कोण ते शोधून काढायची आमची—"

"ते मला हवंय," माई मध्येच म्हणाल्या, आणि येथे त्यांचा आवाज चढला. "रोज हवंय. सकाळी उठले की हवं असतं. पण मुकुंदाला देऊन नको. हा काय बाजार आहे, एक माणूस गेलं त्याच्या बदल्यात दुसरं द्या म्हणायला?"

संगीताबाईंनी चहा आणिला. मी पुसले की ओतारी जाताना भेटले काय. माई म्हणाल्या, "आला नाही. फोन केला. म्हणाला, माई, पुस्तक अर्धं राहिलंय, पान एकशे बारा, खूण घालून ठेवलीय. एवढंच." आणि मग त्यांनी उशाशी हात घालून दुसरे एक पुस्तक काढिले, मधमाश्या पाळण्याचे, जुने, खाकी कागदाचा गिलाफ घातलेले. हेच ते. पोलिसांनी पिशवीसकट परत दिलेले, क्रमांक चारशे बाराचे नावे लिहिलेले आणि न पोचलेले. माई म्हणाल्या, "कैकदा म्हटलं त्याला, घेऊन जा बाबा, तुझंच आहे. तर म्हणायचा, राहू दे, तिचा हात लागलाय, तुमच्यापाशीच असू दे. आता तुम्ही न्या. शैलूचं काम राहिलंय ते पुरं करा. आणि त्याला सांगा, वाचनालयाचा नियम पंधरा दिवसांचा आहे, हातात पडल्यापासून. उशीर करणारा माणूस नाही तो. परत द्यायला त्याला यावंच लागेल." हे म्हणताना त्या हसल्या. आपली युक्ती त्यांस फार पसंत पडली होती.

मग मी तेथून आठ तासांचे वाटेवर, मुकुंद ओताऱ्यांचे मुलीचे गावी गेलो. तिसरे माळ्यावर गृहस्थ सज्जात पाट टाकून एक समई चिंचेने घाशीत बसले होते. ती आधीच लखलखीत होती. मुलीने दार अर्धेच उघडिले होते, पण माईंचे नाव सांगताच वाट दिली. मी ओळख सांगितली, माईंचा खलिता देवडीवर मीच अडविला हे सांगितले आणि म्हणालो, "ती सतरा कलमं मी लिहिली." ते घाशीत राहिले. मग म्हणाले, "छान लिहिली होती. मुलीनं वाचून दाखवली. सतरावं येईपर्यंत मलाच वाटायला लागलं, हा माणूस खुनी असणार." मी पिशवीत हात घालून पुस्तक काढिले.

पुस्तक पुढे केले तेव्हा त्यांनी समई ठेविली, उठून साबणाने हात धुतले, टॉवेलास पुसले, आणि मग घेतले. पहिले पान उघडिले. आत तारखेचा शिक्का होता, पौषातला, सव्वीस वर्षांमागला. म्हणाले, "त्या दिवशी मी दिवा लावून वाट बघत होतो. ती कधी चुकायची नाही. मला राग आला होता हो. म्हटलं, बाईला आठवण राहिली नाही." आणि पुस्तक मिटून मांडीवर ठेविले. मुलगी पाणी घेऊन आली. मी माईंचा निरोप सांगितला, पंधरा दिवसांचा. त्यांस युक्ती तत्काळ समजली आणि तेही हसले, अगदी माई हसल्या तैसेच. परंतु मान हलवून म्हणाले, "मी त्या दारात उभा राहिलो की कुणीतरी फोटो काढणार. मग माझ्याबरोबर तिचं दार फिरेल गावोगाव. तिला दिसत नाही, कोण काढतंय ते कळायचंही नाही. माझं काय, मी इथं आलो. ती कुठं जाईल?" मी म्हणालो, "मी सोबत येतो. मी दारात उभा राहतो." ते म्हणाले, "तुम्ही दारात उभे होतातच की." हे बोलून त्यांस वाईट वाटले असावे, कारण मग त्यांनी मजला जेवून जावयाचा आग्रह केला, आणि मी जेवलो. पानात काही टाकिले नाही.

पंधरावा दिवस गुरुवारीच आला. मी रजा काढून कसब्यास गेलो. माईंनी नवे लुगडे नेसून चार वाजल्यापासून खुर्ची दाराकडे करून ठेविली होती. संगीताबाईंनी थालीपिठे लाविली होती, कप तीन मांडले होते. साडेचार झाले. पावणेपाच झाले. कट्ट्यावर पाऊल वाजले आणि माई म्हणाल्या, "हे त्याचं नाही." तो टपालवाला होता. रजिस्टर पुडके, माईंचे नावे. माईंनी सुतळीवरून बोटे फिरविली, गाठीपाशी थांबल्या आणि म्हणाल्या, "गाठ त्याची आहे. समया बांधतो तशीच." मग सुतळी न कापता सोडविली, गुंडाळून मांडीवर ठेविली. आत पुस्तक होते आणि एक चिठी, ती मी वाचून दाखविली: "पुस्तक वाचले. आवडले. मुदतीत परत करीत आहे. एकशे बारा पानापासून पुढे कोणीतरी वाचून दाखवावे."

माई म्हणाल्या, "नियमाचा माणूस." तिसरा कप संगीताबाईंनी उचलून आत नेला. माईंनी विचारिले, "तुम्हाला वाचता येतं का मोठ्यानं?" मी ते अर्धे राहिलेले पुस्तक घेतले, एकशे बारा पानावर खूण होती, सिगारेटच्या चांदीची घडी, आणि तेथून वाचू लागलो. चार पाने झाली. माई डोळे मिटून ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "बरं वाचता. तो पान उलटताना जरा थांबायचा. मी हं म्हटल्यावर पुढं जायचा." तेव्हापासून मी पान उलटताना थांबतो. माई हं म्हणत नाहीत, आणि थोडे थांबून मी आपला पुढे जातो.

एवं इतुके वर्तमान. तात्पर्य लिहावयाचे ते ऐसे की नऊ हजारांचे राज्य एका पानावर चालले आणि एका माणसाचे गुरुवार संपले. शैलजा हुदलीकरांस कोणी मारिले ते आजतागायत कळले नाही. ज्याने मारिले तो जिवंत असेल तर त्याने महजर वाचला असेल, आणि त्या एकवीसशे अंगठ्यांत त्याचाही एक असेल. मुकुंद ओतारी मुलीचे गावीच आहेत, दुकानावरचे डांबर अद्याप गेले नाही, मी दोनदा रॉकेलने घासून पाहिले. त्रिनेत्र महाराजांचे राज्य आता पंधरा हजारांवर गेले आहे. मी दर गुरुवारी चार वाजता जातो. आईने नऊ हजारांस जो प्रश्न विचारिला होता तो आता ती मजला दारातच विचारते, "जेवलात का?" आणि मी न जेवता गेलो असलो तरी, होय, जेवलो, म्हणून सांगतो.